चेहऱ्यावरची लाल रेघ

एकदा एक निवृत्त परिचारिका, सुमनबाई रणपिसे, वाईच्या एका फोटो स्टुडिओत आपल्या आईचं एकमेव छायाचित्र घेऊन आल्या. ते ठिकठिकाणी दुमडलेलं होतं, बुरशीने डागाळलेलं होतं.

"मी दीड वर्षाची असताना आई गेली," त्या म्हणाल्या. "तिचा चेहरा आठवतो तो फक्त माझ्या थोरल्या बहिणीला. ती कऱ्हाडला असते, आणि तिची दृष्टी झपाट्याने जाते आहे. तिला दिसतंय तोवर आईला एकदा नीट दाखवायचं आहे."

स्टुडिओचे वृद्ध चालक अनंतराव देवकुळे. सारे त्यांना अण्णा म्हणत. तारुण्यात त्यांनी हाताने छायाचित्रं रंगवली आणि साठी उलटल्यावर तीच विद्या संगणकावर नव्याने आत्मसात केली. हे काम त्यांनी आपली शिष्या शलाका हिच्यावर सोपवलं.

शलाकाने सहा दिवस मन लावून काम केलं. डाग गेले, घड्या मिटल्या, लुगड्याचा काठसुद्धा उजळला. सातव्या दिवशी उरली ती डाव्या डोळ्यातून गेलेली एक पांढरी चीर. सुमनबाई चारच्या एसटीने कऱ्हाडला निघणार होत्या.

तिने चित्र मोठं केलं, स्क्रीनवर केवळ तो डोळा दिसू लागला. ब्रश घेतला आणि चिरेवरून फिरवला. काहीच उमटलं नाही. तिने रंग बदलला, ब्रशचा आकार वाढवला, दुसरा माउस जोडला. चीर तशीच. अडीच वाजले.

"अण्णा, फाइलच बिघडली," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "हे सगळं टाकून देते. मूळ स्कॅनवर फक्त चेहरा तरी नव्याने करते."

"थांब, काही टाकू नकोस," अण्णा म्हणाले आणि तिच्या खुर्चीत बसले. त्यांनी चित्र लहान करून संपूर्ण स्क्रीनवर आणलं, भडक लाल रंग निवडला आणि सर्वांत जाड ब्रश घेऊन वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, थेट त्या माउलीच्या चेहऱ्यावरून, एक लांब रेघ ओढली.

"अहो अण्णा!" शलाका किंचाळलीच.

पण चेहरा निर्मळ राहिला. खाली, लुगड्याच्या काठावर, बोटभर लाल पट्टा मात्र उमटला होता.

"काल काठ रंगवताना काय केलंस?" अण्णांनी विचारलं.

शलाकाने आठवून सांगितलं, "रंग बाहेर जाऊ नये म्हणून काठाभोवती सिलेक्शन केलं होतं, म्हणजे ब्रश तेवढ्याच भागात चालेल अशी तुटक रेषेची चौकट आखली होती. ती तुटक रेषा डोळ्यांपुढे सारखी लुकलुकत होती, म्हणून लपवली. काढायची राहिली."

"रेषा लपली, पण बंधन कायम राहिलं," अण्णा शांतपणे म्हणाले. "काठाबाहेर रंग जाऊ द्यायचा नाही, ही तुझीच आज्ञा. ब्रशने ती आजही पाळली. तू मात्र जिथे अडलं होतं तिथेच डोळे लावून बसलीस. तिथे कितीही वेळ पाहिलं असतंस, तरी कारण सापडलं नसतं. मला कळायचं होतं की ब्रश चालतो तरी कुठे. म्हणून सगळीकडून एक रेघ ओढली. तुझी मेहनत शाबूत आहे, बाळ. ही रेघ पुसून टाक आणि ते सिलेक्शन सोड."

शलाकाने दोन कळा दाबल्या. रेघ गेली, बंधन सुटलं. तिने श्वास रोखून ब्रश डोळ्यावर नेला. तो पाण्यासारखा वाहिला, चीर भरून निघाली. ती एकाच वेळी हसली आणि तिने डोळेही पुसले.

साडेतीनला सुमनबाई आल्या. नुकतंच छापलेलं छायाचित्र त्यांनी हातात घेऊन डोळ्यांजवळ नेलं. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईच्या ओठांतून हळूच शब्द आले, "किती लहान होती हो माझी आई!" मग त्यांनी ते पदराखाली जपून धरलं आणि त्या स्थानकाकडे निघाल्या.

शलाका दारापर्यंत त्यांच्यासोबत गेली. परत येऊन अण्णांजवळ बसली. "सहा दिवसांचं काम मी पुसायला निघाले होते," ती म्हणाली.

हात चालेनासा झाला की केलेलं काम टाकून देण्याआधी आपणच घातलेली, आता न दिसणारी एखादी मर्यादा तर अजून उभी नाही ना, एवढं पाहून घ्यावं.