तहानलेली ओळ

एकदा एक वृद्ध आचार्य घेवड्याची नवी जात घडवीत होते. ती पाण्याचा ताण सोसणारी हवी होती, शिवाय वेलासारखी जमिनीवर न लोळता ताठ उभी राहणारी, म्हणजे शेंगा मातीला टेकून कुजायच्या नाहीत. त्यांच्या शिष्येने सहा वर्षे बी निवडत अशी एक ओळ, म्हणजे एकाच वाणाच्या झाडांची रांग, सिद्ध केली होती. खोड जाड, फांद्या आटोपशीर, शेंगा जमिनीपासून वीतभर वर. रूप साधले होते. सोसण्याची परीक्षा तेवढी उरली होती.

फुलोरा येताच आचार्यांनी शेताचे पाणी तोडले. एकवीस दिवस थेंबही द्यायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. सतराव्या दिवशी शिष्येच्या ओळीने माना टाकल्या, अठराव्या दिवशी फुले गळू लागली. तिचा जीव कासावीस झाला. सहा वर्षे डोळ्यांदेखत मातीत जाताना कुणाला पाहवेल? भर दुपारी, शेतात कुणी नाही असे पाहून, तिने चार कळशा पाणी आणून मुळाशी ओतले. संध्याकाळी आचार्य त्या ओळीशी वाकले, बोटांनी माती चाचपली, ओली बोटे धोतराला पुसली आणि पुढे गेले. त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना.

ओळ शेंगांनी लगडली. शेजारी आचार्यांची दुसरी एक वेडीवाकडी ओळ होती; एकवीस दिवस थेंबही न मिळता ती तगली, पण तिला झाडामागे तीन-चारच शेंगा आल्या. बी वाळले, तशी माळावरच्या कोरड्या गावाहून एक शेतकरीण आली. गेल्या साली तिचे सगळे पीक करपले होते.

आचार्य शिष्येला म्हणाले, "तुझ्या ओळीचे बी दे. तुझ्याच हाताने दे."

बाईने पदर पसरला. "ताई, पाण्यावाचून तगंल न्हवं हे? यंदा बी पीक गेलं, तर पोरांच्या तोंडात घालायला काय न्हाई."

शिष्येची ओंजळ तशीच भरलेली राहिली. हो म्हणायला जीभ उचलेना, आणि नाही म्हणावे तर सहा वर्षांच्या कष्टांवर पाणी पडणार. ते तर तिने स्वतःच ओतले होते.

"ठाऊक नाही, मावशी," ती अखेर म्हणाली. "मी याला चोरून पाणी घातलंय."

आचार्यांनी शेजारच्या ओळीचे बी आधीच काढून ठेवले होते. ते बाईच्या पदरात घातले आणि, थोडे देईल पण देईल, असे सांगून तिची पाठवणी केली. मग शिष्येने विचारले की, कळले होते तर त्याच दिवशी मला का रागावला नाहीत?

"रागावलो असतो तर तू मला भ्यायली असतीस," आचार्य म्हणाले. "बी निवडणाऱ्याने त्या बाईला भ्यावे. आपण झाडाची तहान लपवली, तरी तिच्या रानात ती उघडी पडतेच."

"पण गुरुजी, माझी ओळ खरंच तगली नसती का?"

"कदाचित तगलीही असती. या खेपेला ते आता कुणालाच कळायचे नाही."

तेव्हा मात्र तिला रडू आवरले नाही.

आपल्या लाडक्याची परीक्षा आपण चुकवली, की ती बहुधा परक्या कुणाच्या तरी माथी येते.