भैरवीचा भाता

"मग आता यात कमी काय राहिलं, बुवा?"

शार्दूलचा आवाज जरा चढलाच. चढणारच! वर्षभर खपून त्यानं मठातल्या जुन्या ऑर्गनच्या पट्टीपट्टीखाली चुंबक बसवला होता. हाताने वाजवायचा, पायाने भाता मारायचा, असला तो जुना ऑर्गन. आता लॅपटॉपवर फाईल सुरू केली की पट्ट्या आपोआप खालीवर होत. भात्यालाही पठ्ठ्यानं मोटर जोडली होती. पायांना कष्टच नकोत!

आणि फाईल कुणाची? खुद्द दाजीबुवांची. सांधेवातानं बोटं वाकडी व्हायच्या आधी बुवांनी वाजवलेली भैरवी त्यानं तारा लावून टिपून घेतली होती. बुवांमागे ही भैरवी जगातून जाणार, या धास्तीनं त्याची झोप उडाली होती. बुवांनी एकदा 'हीच ती' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

दुपार कलली होती. खाडीवरचा वारा मठात येऊन पेंगुळला होता. रिकाम्या बाकासमोर पट्ट्या खाली जात, वर येत. न दिसणारं कुणीतरी तिथं बसलंय असं वाटत होतं.

बुवा डोळे मिटून ऐकत होते.

"बोटं माझीच आहेत," ते म्हणाले.

"मग?"

"पाय कुणाचे?"

शार्दूलनं भात्याच्या मोटरकडे पाहिलं.

अरे देवा! तारा लावल्या त्या पट्ट्यांना. पायांचं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. बुवा भाता कधी अलगद मारत, कधी दाबून. सूर हलका व्हायचा तो तिथं, भरून यायचा तोही तिथंच. आणि हा शहाणा पायांचं काम म्हणजे नुसती हमाली समजून बसला होता.

बुवा उठले. भिंतीपाशी गेले आणि मोटरची पिन उपटली.

सूर विरून गेला. लॅपटॉप आणि चुंबक बॅटरीवर होते, त्यामुळे पट्ट्या मात्र हलतच राहिल्या... मुक्यानं.

बुवा बाकावर बसले. पाय टेकवले.

सूर उमटला. भरला. एका जागी विझता विझता पुन्हा उजळला. वाकडी बोटं मांडीवर निवांत पडली होती आणि भैरवी वाजत होती.

शार्दूलच्या अंगावर काटा आला. डोळे भरून आले.

"हीच! बुवा, हीच ती! थांबा, हलू नका. पायांचंही टिपून घेतो. सेन्सर आणतो, हा आलोच..."

बुवांनी पाय उचलले.

पुन्हा मुक्या पट्ट्या. खाली, वर...

बुवा बाकावर सरकले. शेजारी जागा झाली.

"बस."

"मी?"

"भाता मार."

शार्दूल बसला. पाय पुढे नेले, मागे घेतले.

"नको, बुवा. माझ्या पायांनी तुमची भैरवी बिघडेल हो."

बुवा हसले. वाकडा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवून त्यांनी हलकेच दाबला.

"बिघडव."