आजी, मी आधी जेवते

आपल्या पणजोबांच्याही पणजोबांनी लहानपणी ऐकली असेल, इतकी जुनी ही गोष्ट आहे. एका राज्यात राजाने थकलेल्या, आजारी म्हाताऱ्यांसाठी मोठं घर बांधलं होतं. तिथला नियम असा, की आधी म्हाताऱ्यांनी जेवायचं आणि मग सेवकांनी. नियम मानाचा होता.

त्या घरातल्या एका आजींचं मन आजारी होतं. इतरांना न ऐकू येणारे आवाज त्यांना ऐकू येत. जेवणात विष आहे, असं ते आवाज सांगत. चार दिवस आजींनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

सेवकांनी समजावलं, शपथा घेतल्या. उपयोग झाला नाही. शेवटी कारभारी म्हणाला, उद्या दुपारी जेवल्या नाहीत तर हातपाय धरून भरवा आणि कोठडीत ठेवा.

एका सेविकेला हे बघवेना. ती आजींजवळ बसली आणि कशाची भीती वाटते, ते तिने विचारलं. आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

आजी म्हणाल्या, "आम्हाला वाढता आणि नुसते बघत उभे राहता. अन्न चांगलं आहे तर तुमच्यातलं कोणीच का खात नाही?"

सेविकेच्या आता लक्षात आलं. आधी जेवायचा तो मान आजींच्या जागेवरून विषाच्या संशयासारखाच दिसत होता.

"मला ते आवाज ऐकू येत नाहीत, आजी," ती म्हणाली. "पण तुम्हाला येतात, हे खरं. उद्या तुम्ही वाढा. मी आधी जेवते."

दुसऱ्या दिवशी कारभारी आला, तर सेविका आजींसमोर बसून जेवत होती. नियम मोडला म्हणून तो रागावला. ती जेवतच राहिली. तिने आणखी आमटी मागून घेतली. आजी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. मग त्यांनी हळूच एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अळणी आहे. विष घालणाऱ्याने मीठ तरी नीट घातलं असतं."

आचारी लाजला. कारभाऱ्यालाही हसू आवरेना. आजींनी अख्खी भाकरी संपवली.

कोठडी रिकामीच राहिली. कारभाऱ्याने नियम बदलला आणि सगळे एकाच पंगतीत जेवू लागले. आजींना आवाज पुढेही ऐकू येत, वैद्यांचं औषधही चालू राहिलं. पण पंगतीत वाढायचा मान आता त्यांचा होता, आणि कारभाऱ्याला आजी दोन भाकऱ्या जास्तच वाढत.

तात्पर्य: घाबरलेल्या माणसाला खोटं ठरवण्याआधी त्याच्या शेजारी बसून पाहावं.