पंचाहत्तर दिव्यांसमोरचा केक

एकदा एका सुनेवर सासऱ्यांचा शब्द राखण्याची वेळ आली. सून आमच्या समोरच्या बिऱ्हाडातली, शर्वरी. सासरे म्हणजे नाना. त्यांची पंचाहत्तरी ऐन मे महिन्यात, आणि आमचं भुसावळ तेव्हा कसं तापतं ते सांगायला नको. केक बेकरीतून आणावा, ऐंशी पाहुण्यांत फजिती नको, असं सासूबाईंचं म्हणणं. नाना एरवी घरात कशालाच विरोध करत नाहीत. या वेळी मात्र त्यांनी जावयांदेखत जाहीर केलं की केक सूनबाईच करील. आता केक बिघडला असता तर शर्वरीबरोबर नानांचीही मान खाली गेली असती.

शर्वरी केक सजवायला दमयंतीबाईंकडे शिकत होती. बाई सत्तरीच्या पुढच्या, बोलणं अगदी मोजकं. आयसिंगची रेघ ओढताना त्यांचा हात इतका स्थिर असे की बघणाऱ्याने श्वास रोखून धरावा.

समारंभाच्या दोन दिवस आधी शर्वरीने नमुन्याचा केक केला. वर शुभ्र व्हिप क्रीम, कडेने गुलाब, मधोमध नानांचं नाव. नानांना दात उरलेले नाहीत, क्रीम तेवढं ते सुखाने खातात, म्हणून तिने तेच निवडलं. मी वाटीभर साखर मागायला गेले होते, ती तिथेच थांबले. असा देखणा केक मी बेकरीच्या काचेमागेही पाहिला नव्हता.

तेवढ्यात बाई आल्या. केक सगळ्या बाजूंनी पाहिला. पंखा बंद केला, खिडक्या लोटल्या, शर्वरीला माळ्यावरच्या पणत्या काढायला लावल्या. मला म्हणाल्या, "आलाच आहात, तर चार वाती वळा." परातीत पंचाहत्तर दिवे लावून त्यांनी परात केकसमोर ठेवली आणि खुर्चीत बसून वर्तमानपत्र उघडलं. शर्वरीने माझ्याकडे पाहिलं. वयामुळे बाईंचं काही बिनसलं की काय, असंच दोघींच्या मनात आलं.

काही वेळाने पहिला गुलाब कलला. मग त्याच्या शेजारचा. वर्तमानपत्राचं दुसरं पान उलटेपर्यंत नानांचं नाव घसरत केकच्या कडेला आलं.

शर्वरी म्हणाली, "बाई, तोंडाने सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं."

"ऐकलं असतंस, म्हणूनच सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. "हे गुलाब माझ्याहून सरस आहेत. क्रीमही निर्दोष आहे. त्याला गारवा हवा, इतकंच. बटरक्रीम याहून थोडा जास्त तग धरतं, गनाश, म्हणजे ते चॉकलेट आणि सायीचं मिश्रण, आणखी थोडा. फॉन्डंट, म्हणजे ती साखरेची लाटलेली पोळी, दिव्यांसमोरही हलत नाही. पण ती खायची म्हटली की लोक बाजूला काढून ठेवतात. यांत श्रेष्ठ कोण, हे मला विचारू नकोस. नानांना काय आवडतं ते तू पाहिलंस. त्यांना ओवाळताना या घरातला पंखा बंद असतो, ते पाहायचं राहिलं."

मग काय करू, असं शर्वरीने विचारलं. बाईंनी दिवे शांत केले आणि ते तुझं तू ठरव म्हणून निघून गेल्या.

पंचाहत्तरीच्या दिवशी टेबलावर फॉन्डंटचा केक होता, आत गनाशचा पातळ थर. पंखा बंद करून पाच सुवासिनींनी पंचाहत्तर दिव्यांनी सावकाश ओवाळलं. फोटोवाल्याने दोनदा थांबवलं. पाहुणे रुमालाने वारा घेत होते, मी तर केकवरची नजर हलवली नाही. केक जसाच्या तसा.

मग पंखा सुरू झाला. शर्वरीने नानांच्या तुकड्यावरचं साखरेचं आवरण हलकेच सोलून काढलं, फ्रिजमधून क्रीमचं भांडं आणलं आणि त्या तुकड्यावर दोन डाव गार क्रीम घातलं. नानांनी डोळे मिटून खाल्लं. कुणी काही विचारलं तरी ते नुसती मान हलवत राहिले.

सासूबाई बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होत्या. मग सुनेजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "उरलंय का गं ते? अजून वाढ त्यांना. आणि मलाही थोडं दे."

मागच्या रांगेत दमयंतीबाई बसल्या होत्या. त्यांनी आपल्या बशीतलं फॉन्डंट चमच्याने बाजूला सारलं आणि केक खाऊ लागल्या.

एखाद्याला कमी लेखण्याआधी आपण त्याला कुठे उभं केलंय, तेवढं पाहावं.