ठमीच्या उपासाची कहाणी

ऐका गिनीपिगांनो, तुमची कहाणी. हातांतल्या अक्षता घट्ट धरा ग बायांनो, अन् मागं कुजबुजू नका.

आटपाट कॉलनी होती. तिथं द्वारकाबाई राहायची. मोठी नेमाची बाई. तीस वर्षांत एक संकष्टी चुकवली नाही. तापानं फणफणली, तरी चंद्र बघितल्याशिवाय घास घेतला नाही. एके दिवशी लेक आली. म्हणाली, "आई, माझी बदली झाली. ही माझी ठमी, हा माझा गोमू. तुझ्या ओटीत घालते. सांभाळशील ना?" पिंजऱ्यात दोन गिनीपिग होते. ससा म्हणावा तर लांब कान नाहीत, उंदीर म्हणावा तर शेपूट नाही! द्वारकाबाई हरखली. म्हणाली, "अगं बाई, हे तर गणपतीचं वाहन! घरी चालून आलं!" लेकीनं कागदावर सगळं लिहून दिलं. बाईनं तो कागद देव्हाऱ्यात ठेवला, वर हळदकुंकू वाहिलं, आणि वाचला मात्र मुळीच नाही.

मग काय केलंन्? पहिल्या दिवशी सोवळं हवं म्हणून दोघांना गार पाण्यानं आंघोळ घातलीन्. दुसऱ्या दिवशी गवत काढलंन् अन् प्रसादाचा लाडू ठेवलान्. तिसऱ्या दिवशी आली संकष्टी. म्हणाली, "देवाच्या वाहनाला उपास नको का?" सकाळपासून पिंजरा रिकामा. एक काडी नाही, एक पान नाही. गोमू ओरडला, वीक वीक! बाई कौतुकानं म्हणाली, "बघा, आरती म्हणतोय!" आरती कसली, भूक ग ती, भूक!

दुपारी ठमी कोपऱ्यात गोळा होऊन बसली. केस पिंजारले, डोळे मिटले, लेंडी टाकीना. बाईनं लाडू पुढं केला, तिनं तोंड फिरवलं. दूर्वा पुढं केल्या, तोंड फिरवलं. केळं पुढं केलं, तोंड फिरवलं. बाई घाबरली. पिंजरा उचललान् अन् अनवाणीच जिना उतरली.

तळमजल्यावर वृंदा म्हणून जनावरांची डॉक्टरीण होती. तिनं ठमीचं पोट चाचपलं. विचारलं, "काकू, आज काय दिलंत हिला?"

"काही नाही ग. आज संकष्टी!"

डॉक्टरणीनं कपाळाला हात लावला. "काकू, ह्यांचं पोट थांबलं की जीव जातो हो!"

द्वारकाबाई रडू लागली. "वृंदे, लेकीला काय तोंड दाखवू? मला ह्यांचा वसा सांग."

"सांगते, पण मधेच सोडाल."

"नाही सोडणार."

"मग ऐका. वाळलं गवत अष्टौप्रहर समोर असावं, वाढते दात त्यानंच झिजतात. रोज ओंजळभर ताजा पाला, रोज ढोबळी मिरचीची फोड. पाणी ताजं, अंथरूण कोरडं. आंघोळ नको, लाडू नको. एकाला दुसऱ्यापासून तोडू नये. आणि उपास कधी म्हणजे कधी नाही!"

मग डॉक्टरणीनं औषध दिलं. पाल्याची पेज करून पिचकारीनं तोंडात घातली. ठमीनं थुंकली. पुन्हा घातली, थुंकली. तिसऱ्यांदा घातली, थुंकली. मग गोमूपुढं मिरची ठेवली. तो ठमीला सोडून खाईना.

डॉक्टरीण म्हणाली, "काकू, ही कळपातली जात. आपलं माणूस समोर खाताना दिसलं, तर खातील. तुम्ही खा."

"मी? आज? अगं, चंद्र उगवायचाय!"

बाईनं ठमीकडं पाहिलं. पोट जेमतेम हलत होतं. मग हात जोडलेन् अन् म्हणाली, "गणराया, तीस वर्षं तुझ्यासाठी उपाशी राहिले, आज हिच्यासाठी खाते. रागवायचं तर माझ्यावर रागव." आणि मिरचीचा हा एवढा घास घेतलान्! कचर्र! दुसरा घेतलान्, कचर्र! गोमूनं नाक उडवलं, एक फोड ओढली. तिसरा घेतलान्, आणि बायांनो, ठमीच्या मिशा हलल्या! डोळे उघडले! खुरडत खुरडत पुढं आली अन् बाईच्या हातातली उष्टी फोड तिनं हिसकून घेतली! कचर, कचर, कचर! द्वारकाबाई रडतेय, डॉक्टरीण हसतेय, आणि ठमी खातेय!

दुसऱ्या दिवशी ठमीनं लेंड्या टाकल्या, आणि घरात पुत्र झाल्यासारखा बाईला आनंद झाला. चौथ्या दिवशी ठमी गवतात टुणटुण उड्या मारू लागली. लेकीचा फोन आला. "आई, संकष्टी नीट झाली ना? कधी सोडलीस?"

"दुपारीच सोडली ग," द्वारकाबाई म्हणाली, "ठमीच्या पंगतीला बसून."

जशी ठमी द्वारकाबाईच्या हातून जेवली, तसे तुमच्या घरचे मुके जीव तुमच्या हातून पोटभर जेवोत, आणि त्यांची भूक तुम्हांला वेळेवर कळो. ही साठां घासांची कहाणी पांचा घासांत गोड झाली, सुफळ झाली.