साहेबांची खुर्ची

विषय : कर्जवसुलीसाठी फोनवरून धमकावणाऱ्या अनोळखी इसमाबाबत. अर्जदार : हिराबाई तडवळकर, व्यवसाय डबे पोहोचवणे.

कर्ज हिराबाईंच्या भावाचे. त्या जामीनही नव्हत्या, पण भाऊ फोन उचलेना, म्हणून वसुलीवाला आठवडाभर त्यांनाच शिव्या देत होता. मंगळवारी दुपारी मात्र त्याचा आवाज एकदम भारदस्त झाला.

"इन्स्पेक्टर बोलतोय. संध्याकाळपर्यंत पैसे भरा, नाहीतर तुमच्या मुलीच्या सासरी जीप पाठवतो."

मुलीचे लग्न नुकतेच झालेले. गळ्यातले मोडावे काय, असे हिराबाईंच्या मनात येऊन गेले. "कुठल्या ठाण्यातून, साहेब?"

"तुमच्याच गावच्या. माझ्या खुर्चीतूनच बोलतोय!"

हिराबाईंचा जीव भांड्यात पडला. कारण गावात ठाणे एकच, आणि त्या नेमक्या तिथेच इन्स्पेक्टर सावरगावकरांपुढे डबा वाढून उभ्या होत्या.

"मग जरा उठता का, साहेब?" त्या म्हणाल्या. "आमचे साहेब तुमच्या मांडीवर बसून जेवतायत. अवघडलेत हो बिचारे!"

सावरगावकरांनी घास गिळून फोन घेतला. "बोला, इन्स्पेक्टर!"

पलीकडच्या इन्स्पेक्टरांनी तत्काळ राजीनामा दिला.

"बाई, कर्जवसुली खऱ्या पोलिसाचंसुद्धा काम नाही," सावरगावकर म्हणाले, आणि जेवण थांबवून त्यांनी स्वतः अर्ज लिहून दिला. दुसऱ्या दिवशी डब्यात पुरणपोळ्या निघाल्या. त्यांचे पैसे हिराबाईंनी घेतले नाहीत. "लेकीच्या दारात जीप गेली नाही, साहेब. यातच सगळं आलं."

फोन पुन्हा आलेला नाही. इसमाचा शोध चालू असून अर्ज प्रलंबित आहे.