निखाराईची बोलणी

या मंडळी, या, असे पुढे सरका. उशीर केलात असं म्हणणार होतो, पण नाही, अगदी वेळेवर आलात! आज त्रिपुरी पुनव. वर्षातून एकदा होतं ते तुम्हाला आज बघायला मिळणार.

ही समोरची दीपमाळ बघा. काळ्या दगडाची, खालून वरपर्यंत दगडी हात काढलेली. प्रत्येक हातावर पणती आहे, तेल आहे, वात आहे, पण पेटलेली एकही नाही. आणि पायथ्याशी मांडी घालून जेवतेय ती बाई दिसली? सगळा गाव हात बांधून उभा आणि ती निवांत पुरणपोळी चेपतेय. देवीचा नैवेद्यसुद्धा अजून झाकलेलाच आहे. आज पहिलं ताट तिचं. ती जेवून उठली की सगळ्या गावाची खरडपट्टी काढणार, घरांची नावं घेऊन. उलट बोलायचं नाही, रागवायचं नाही. त्याशिवाय इथे दिवा लागत नाही.

ती सारिका. माझी धाकटी सून. मी केरबा, निखाराईचा गुरव. हिला शोधायला मी पाच-सहा गावं पालथी घातली. जिथे जिथे मुलीचा बाप आवाज खाली करून म्हणाला, ‘पाहुणं, लपवत न्हाई, पोरगी कृत्तिकेची हाय,’ तिथे तिथे माझे कान टवकारले. हिच्या बापाने तसं म्हटलं, आणि हिने आतूनच ओरडून सांगितलं की लपवायला काय मी चोरी केलीय? मी म्हटलं, फोडा सुपारी! हसू नका. कृत्तिकेची मुलगी म्हटली की बाकीच्या गावांना घाम फुटतो, आमच्या गावात पेढे वाटतात. का, ते ऐका. तिची अजून एक पोळी शिल्लक आहे, तोवर होईल सांगून.

फार जुनी गोष्ट. काडेपेटी कुणी पाहिलेली नव्हती तेव्हाची. या डोंगरावर निखाराईची धुनी अखंड पेटलेली असायची, आणि गावातली प्रत्येक चूल त्या धुनीच्या निखाऱ्यावर पेटायची. वस्ती बसली तेव्हा देवीने म्हणे दोन गोष्टी बजावल्या होत्या. विस्तव विझू देऊ नका, आणि विझलाच तर लपवू नका. लोकांच्या ध्यानात पहिलीच राहिली. धुनी राखायची पाळी घराघराने फिरायची, आणि आपल्या पाळीत विझली यापरती नामुष्की नव्हती.

त्यात आमचे पूर्वज भयंकर गोडबोले. कालवणात मीठ नसलं तरी ‘झकास झालंय’ म्हणत दुसऱ्यांदा वाढून घेतील, अशी जात! त्या सगळ्यांत गोड बोलायची राहीबाई. नवरा नव्हता, एकुलता एक मुलगा सटवाजी. तो गावातल्या गड्यांबरोबर कोकणात उतरायचा आणि बैलांवर मीठ लादून घाट चढून यायचा. बैल म्हणजे काय बैल, हत्तीच्या तोडीचे!

या सटवाजीच्या मनात घाटाखालची भिवरा भरली. जोशीबुवांनी पत्रिका उघडली आणि मान हलवली. म्हणाले, “राहीबाई, पोर कृत्तिकेची आहे. या नक्षत्राचा देव अग्नी आणि आकार वस्तऱ्याचा. तेज आहे, पण पोटात जाळ आणि जिभेला धार. खाईल दोघींचं आणि बोलेल चौघींचं. मनात काही राहायचं नाही हिच्या.” मुलगा तर हटून बसलेला. शेवटी राहीबाईने साखर पेरत अट घातली. चार माणसांत तोंड उघडायचं नाही. उघडशील त्या दिवशी माहेरची वाट. भिवरेला नवरा हवा होता, तिने मान डोलावली.

आणि पाळलं हो तिने! गावाला वाटायचं, सटवाजीने मुकी बायको केली. जीभ आवरली, पण भूक कशी आवरणार? रोज पहाटे भुकेने तिचे डोळे उघडायचे. मग ही बया परसात दगडावर बसून, डोंगराकडे तोंड करून शिळी भाकर आणि कांदा खायची. आख्खा गाव झोपलेला असताना जागी असायची ती एकटी भिवरा. हे लक्षात ठेवा.

त्या साली त्रिपुरी पुनवेला संध्याकाळी मिठाचा तांडा घाट चढत होता, आणि दरीतून असं धुकं उठलं की चंद्रसुद्धा दिसेना. खाली आंधळ्या कड्यापाशी वाट फुटते. दीपमाळेचा अगदी वरचा दिवा नजरेसमोर धरायचा, तर पाऊल गावाच्या वाटेला पडतं. तो नाही दिसला तर पुढे कडा आहे आणि खाली सरळ पाताळ. गावातला एकूण एक जवान गडी त्या तांड्यात होता.

इकडे धुनीतून काकडा पेटवला, पणतीला लावला. वात चरचरली, विझली. दुसरी लावली, विझली. एक म्हणून वात धरेना! आणि खालून बैलांच्या घुंगरांचा आवाज तर यायला लागलेला. तरीही आमची माणसं गोडच. कुणी म्हणालं, वारा असंल. झाडाचं पान हलत नव्हतं. कुणी म्हणालं, तेल नवं असंल. कुणी म्हणालं, देवी जरा थांबा म्हनत असंल.

तेवढ्यात एक आवाज कडाडला. कुणाचा ते आधी कुणाला कळेचना, कारण तो आवाज गावाने कधी ऐकलेलाच नव्हता.

“वारा न्हाई आन् तेल न्हाई! इस्तूच खोटा हाय! देवीची धुनी कवाच इझलीया, आन् तुमी समदी त्वांड लपवून बसलायसा!”

मुकी बोलली! राहीबाई हसत पुढे झाली. “पोर भोळी हाय, मनावर घिऊ नगा,” असं गावाला म्हणाली, आणि सुनेचा दंड दाबून कानात म्हणाली, “त्वांड मिट. न्हाईतर उद्या माहेर.”

भिवरा म्हणाली, “उद्या खुशाल धाडा. आज तुमचा ल्योक खाली हाय.”

आणि सुटली! “हैबतीमामा, तुमच्या पाळीला पहाटं चकमक वाजली डोंगरावर. म्या भाकर खात हुते, ऐकलं म्या. जिती धुनी असताना चकमक कशापायी झाडलीसा?”

हैबती म्हणजे गावातला वडीलधारा, सगळ्यांनी मान्य केलेला, शहाणा माणूस. तो खाली बसला आणि म्हणाला, “व्हय. डोळा लागला. इझली माझ्या हातनं.” आणि म्हणे त्याच्यासमोरची पणती, कुणी काकडा न लावता, भक्कन पेटली!

मग काय विचारता! भिवरा एकेकाच्या पुढे जाऊन उभी राहायची, “तुमच्या बी पाळीला वाजली!” म्हणायची, आणि समोरचा ढसाढसा रडत कबूल व्हायचा. प्रत्येक घराच्या हातून धुनी विझली होती, प्रत्येकाने गुपचूप चकमकीने पेटवली होती, आणि जो तो समजत होता की पाप आपल्या एकट्याचं. एक कबुली, एक पणती! दीपमाळ खालून वर उजळत चालली. लोक रडत होते आणि नाचतही होते. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं ना!

राहिला तो वरचा दिवा. आणि गावात न बोललेलं माणूसही एकच राहिलं होतं.

घुंगरांचा आवाज थांबला. मग पुन्हा आला, पण कड्याच्या अंगाने. भिवरा सासूपुढे उभी राहिली. या वेळी ओरडली नाही. हात जोडून म्हणाली, “आत्याबाई, तुमचं म्या न्हाई सांगनार. तुमचं तुमी सांगा. बिगी बिगी सांगा.”

राहीबाईने दरीकडे पाहिलं आणि तिचा बांध फुटला. “सटवा, थांब रं लेकरा! पयल्यांदी माझ्याच हातनं इझली! म्या लपवली. तवाच सांगितली असती, तर कुनी बी लपवली नसती. सुनंच्या नखेत्राला नावं ठिवली म्या. जाळनारी ती न्हवं. अंधार तर म्या केला!”

असं म्हणत ती म्हातारी पेटलेल्या पणतीवर काकडा लावून, दीपमाळेचे हात धरून वर चढायला लागली. भिवरेने खालून खांदा दिला. वरची वात या वेळी चरचरली नाही, एकदम धरली. आणि धुक्यातून खालून आरोळी आली, “दिसला! दिवा दिसलाऽऽ!” सगळा तांडा सुखरूप वर आला. सटवाजी पोचला तेव्हा त्याची आई बायकोपुढे ताट मांडत होती आणि म्हणत होती, “आधी तू जेव. देवी थांबंल.” अजूनही सांगताना अंगावर काटा येतो माझ्या.

आजही धुनीत तोच विस्तव राखलेला आहे, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. विझतो. विझला की पाळीवाला सकाळी चावडीवर येऊन सांगतो, आणि लोक त्याला चहा पाजतात. आजही कृत्तिकेच्या सुनेचं ताट देवीच्या आधी वाढतात. आजही वरचा दिवा सासूच लावते, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून. ती बघा माझी बायको, पदर खोचून तयार आहे. दोघींचं आठवडाभर पटत नव्हतं, आज काय काय बाहेर पडतंय कुणास ठाऊक!

उठली! हात धुतले. गप्प बसा आता, पहिलं घर गुरवाचं असतं.

“आबा! पाव्हन्यांस्नी काय सांगत हुता? गेल्या साली सांगितलंसा तवा तांडा गाढवांचा हुता. औंदा हत्तीएवढं बैल कुठनं आलं?”

हो गं बाई, हो. गाढवंच होती. बैल मीच घातले.

बघा, बघा मंडळी, लागली की नाही पहिली पणती!